चिरून आणलेली कुलूची भाजी

एका डोंगरवाडीत एक सासू होती आणि तिला एक नवी सून होती. सासू-सून म्हटल्यावर तुम्ही भांडणाची वाट बघणार, हे मला ठाऊक आहे. पण उगाच कान टवकारू नका. या दोघींचा एकमेकींवर भारी जीव होता, आणि जे घडलं तेही त्या जीव लावण्यापायीच.

सासू रानभाज्यांची मोठी जाणकार. पावसाळ्यात त्या डोंगरावर कुलूची भाजी उगवायची. पानं गवतासारखी लांब, कोवळी, आणि चव अशी की भाकऱ्या कमी पडाव्यात. पण तिच्याच शेजारी रानकांद्याची पाती निघायची, कळलावीचे कोंब वर यायचे. ही दोन्ही जातीची विषारी. कोवळी असताना तिन्हींत भल्याभल्यांची फसगत होई. सासूची मात्र चाळीस वर्षांत एकदाही झाली नव्हती. वाडीतली प्रत्येक टोपली आधी तिच्या अंगणात येई, तिने मान हलवली की मगच चुलीवर जाई.

वाडीची एक रीत होती. वर्षाची पहिली कुलू नव्या सुनेने एकटीने जाऊन आणायची, देवीपुढे एकाच टोपात शिजवायची आणि सगळ्या वाडीने एका पंगतीत बसून खायची. त्या वर्षीचा मान या सुनेचा होता. आठ दिवस तिला दुसरं काही सुचत नव्हतं. आपल्या हातची भाजी लोकांनी बोटं चाटून खाल्ली की आपण खऱ्या या वाडीच्या झालो, असं तिने मनात धरलं होतं.

सासूने तिला कुलूचं एक रोप नीट दाखवलं आणि रानात धाडलं. सुनेने विळ्याने पानं कापली, मुळं मातीतच ठेवली. तिच्या माहेरी तसंच करत. मूळ राहिलं तर पुढच्या वर्षी भाजी पुन्हा येते, असं तिच्या आईने शिकवलं होतं. परतताना ओढा लागला. तिला वाटलं, आत्याबाईंची बोटं सांध्यांत दुखतात, त्यांना निवडत कशाला बसवायचं? मग तिने तिथेच सगळी भाजी धुतली, खडकावर बसून बारीक चिरली आणि भरलेली टोपली डोक्यावर घेऊन हसत हसत वाडीत आली.

देवीपुढे चूल पेटली होती. फोडणीचा वास सुटला होता आणि पोरं ताटल्या वाजवत होती.

सासूने टोपलीत हात घातला आणि तिथेच थांबली.

"पोरी, याची मुळं कुठं आहेत?"

"मुळं तिकडंच ठेवली, आत्याबाई. तुम्हाला त्रास नको म्हणून चिरूनसुद्धा आणली."

सासूने चिमूटभर भाजी तळहातावर घेतली. उजेडात धरली, वास घेतला, बोटांनी चोळून पाहिली. हिरवे तुकडे ते, सगळे सारखेच दिसत होते. सून तिच्या तोंडाकडे बघत होती.

"काकी, तुमच्या नाकाला काय कळत नाही होय?" शेजारीण म्हणाली. "टाका टोपात."

"शेळीला घालून बघू की," एक जण म्हणाला.

"शेळीचं पोट वेगळं, माणसाचं वेगळं," सासू म्हणाली.

एका बाजूला तिचं चाळीस वर्षांचं नाव होतं, दुसऱ्या बाजूला सुनेचा आनंदाने फुललेला चेहरा, आणि समोर साठ माणसांच्या ताटल्या. नुसती मान हलवली असती तर सगळे खूश झाले असते.

सासू म्हणाली, "मला ओळखता येत नाही."

हे शब्द तिच्या तोंडून वाडीने कधी ऐकलेच नव्हते. तिने स्वतः टोपली उचलली, परसातल्या खड्ड्यात रिकामी केली आणि गुरांनी तोंड लावू नये म्हणून वर माती लोटली.

"चूक माझी आहे," ती सगळ्यांना म्हणाली. "रोप दाखवलं, पण पानं सारखीच दिसतात, खरी ओळख मुळावरच पटते, हे सांगितलंच नाही. हिला कुणी बोलायचं नाही."

त्या दिवशी वाडी पिठलं-भाकरी खाऊन उठली. म्हातारीची नजर गेली, अशी कुजबुजही झाली. सून न जेवताच पंगतीतून उठली.

दुसऱ्या दिवशी दोघी खुरपं घेऊन डोंगरावर गेल्या. जिथे जिथे कापल्याची खूण होती, तिथे तिथे सुनेने माती उकरली. कुलूच्या मुळांचे झुबके निघत गेले. सासूने गंमत केली, "बघ, उगाच फेकली तुझी भाजी!" सुनेलाही हसू आलं.

तेवढ्यात खुरप्याला काहीतरी गोल लागलं. सुनेने बाहेर काढलं, तर रानकांदा. थोडं पुढे, एका कापलेल्या कोंबाखाली, कळलावीचा वाकडा कंद.

पंगतीत ताटल्या वाजवणारी पोरं तिच्या डोळ्यांपुढे आली. ती सासूला बिलगून रडली. सासूने तिला पोटाशी धरलं.

थोड्या वेळाने सुनेने डोळे पुसले. "आत्याबाई, आणि खाली सगळी कुलूच निघाली असती तर?"

"तर एक टोपली भाजी वाया गेली असती, पोरी. तेवढंच."

मग सुनेने कुलूचं एक रोप मुळासकट वर काढलं, मूळ नीट पाहिलं, पानं कापून घेतली आणि मूळ पुन्हा मातीत लावलं. सासू बघत राहिली. "हे मात्र मला चाळीस वर्षांत सुचलं नाही," ती म्हणाली. त्या दिवसापासून वाडीत सगळ्या जणी तसंच करू लागल्या.

पुढे खूप वर्षांनी सासू गेली आणि टोपल्या सुनेच्या अंगणात येऊ लागल्या. एकदा एका नव्या नवरीने नुसत्या पानांची जुडी मोठ्या हौसेने तिच्यापुढे धरली. सुनेने ती उलटीपालटी करून पाहिली आणि चारचौघींत मोठ्याने म्हणाली, "मला ओळखता येत नाही." मग नवरीचा हात धरून म्हणाली, "चल, दोघी जाऊन मुळं बघू."

तात्पर्य एवढंच: जिथे दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न असतो, तिथे 'मला कळत नाही' असं सांगायला जो लाजत नाही, तोच खरा जाणकार आणि तोच खरा मायेचा.