बुधीच्या डोहात पाय कुणी घालत नाही

ही गोष्ट मी सांगायची नाही. निदान आज तरी नाही. डोहात उतरणाऱ्या बाईने उतरण्याआधी काठावर बुधीचं नाव घ्यायचं नसतं, आणि आज उतरणारी मी आहे. पण तुम्ही पाहुणे. तुम्हाला कुणी काही सांगितलेलं नाही, आणि या दादांनी तर बूट काढून पँटही गुडघ्यापर्यंत दुमडली आहे. म्हणून हळू आवाजात सांगते. पाय वर घ्या, दादा.

समोर पाहा. वैशाखात आमची नदी वरपासून खालपर्यंत कोरडी असते, नुसते गोटे. फक्त हा डोह भरलेला राहतो. पाणी काळं दिसतं, पण ओंजळीत घेतलं तर स्वच्छ असतं. पलीकडचा कातळ पाण्यावर ओणवा झाला आहे ना, त्याच्या पोटात एक बीळ आहे. डोहाचा झरा त्या बिळातून येतो आणि त्यातच वाम राहते. वाम म्हणजे सापासारखा लांब मासा. आमची ठाकरांची जुनी माणसं सांगतात, की ती सारखी आत-बाहेर करते म्हणून झऱ्याच्या तोंडाशी गाळ बसत नाही. वाम आहे तोवर झरा आहे, आणि झरा आहे तोवर वाडी.

फार पूर्वी एका वर्षी पाऊस पडलाच नाही म्हणे. नाचणी करपली, रानातले कंदही संपले. नदी तुटून तिची डबकी झाली, डबकी आटली, आणि उरलेसुरले सगळे मासे या डोहात कोंडले गेले. इतके, की हंडा बुडवला तर हंड्यात मासा यायचा. माणसं उपाशी होती. तेव्हा वाडीचा पुढारी होता गोमा. त्याने ठरवलं, रामेठा टाकायचा.

रामेठा हे पिवळ्या फुलांचं झुडूप. त्याची साल ठेचून पाण्यात टाकली की मासे गुंगतात आणि वर येतात. आमच्या लोकांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. पण रामेठा वाहत्या पाण्यातच टाकायचा, अशी रीत आहे. मग हवे तेवढे मासे हाती लागतात, बाकीचे धारेबरोबर खाली जाऊन शुद्धीवर येतात, आणि विष धुऊन जातं. गोमालाही हे माहीत होतं. भुकेपुढे त्याने ते बाजूला ठेवलं, असं सांगतात.

बुधी ही गोमाची धाकटी बहीण. नवरा मेल्यावर तान्हं पोर घेऊन माहेरी आलेली. पुरुष साल ठेचत बसले होते, तिथे ती गेली.

“दादा, पानी निजलंय. निजल्या पान्यात रामेठा नाय टाकीत.”

“मंग तू जागव की त्याला,” गोमा म्हणाला, आणि सगळे हसले.

“वाम मेली तर झरा बुजंल. मासं दोन दिस खाशीला. पानी कुठून आनशीला?”

“पोराला जेवायच्या येळंला वामीचीच गोष्ट सांगतीस काय गं?” कुणीतरी म्हणालं.

बुधीचं पोर तिच्या पाठीला बांधलेलं होतं. भुकेने ते रडायचंही थांबलं होतं. तिने त्याला सोडलं, भावजयीच्या मांडीवर ठेवलं आणि ती पाण्यात उतरली. कातळापाशी जाऊन, बिळाकडे पाठ करून, गळ्याइतक्या पाण्यात उभी राहिली.

“टाका आता,” म्हणाली.

गोमाला वाटलं, डोळे झोंबले की येईल वर. त्याने टोपल्या पालथ्या करायला लावल्या.

पुढचं सांगताना आमच्याकडची माणसं इकडेतिकडे पाहतात. पाणी आधी पिवळट झालं, मग फेसाळलं. बारीक मासे वर आले, मग मोठे, सगळे पोट वर करून. ते तोंड उघडून हवा गिळत होते, आणि त्या शेकडो तोंडांचा आवाज होत होता. डोहभर कुणीतरी पुटपुटावं तसा. बेडूक काठावर चढले आणि तिथेच उलटे झाले. मासे इतके हाताशी, पण टोपली घेऊन कुणी पुढे होईना. मग बिळातून वाम बाहेर आली. माणसाच्या मांडीएवढी जाड, ढिला दोर पाण्यात तरंगावा तशी. बुधीने तिला दोन्ही हातांनी कवटाळलं. एकदा काठाकडे, आपल्या पोराकडे पाहिलं. श्वास घेतला, आणि बिळाच्या तोंडाशी जिथून ताजं पाणी येत होतं, तिथे वामीला घेऊन खाली गेली.

“बुधे! ए बुधे! वर ये गं, चुकलं माझं!”

पाण्यावर बुडबुडे आले. मग तेही थांबले. गोमाने उडी घेतली. त्याचे डोळे जळाले, हाताला नुसता कातळ लागला. ते बीळ इतकं अरुंद आहे की माणसाचं डोकंही त्यात जाणार नाही. तरी बुधी डोहात नव्हती. तिचा पदरही सापडला नाही.

ते मासे कुणी खाल्ले नाहीत. खड्डा खणून पुरले. माणसं तहानेने काठावर पडून राहिली, पण पाण्याला हात लावायची कुणाची छाती होईना. तिकडे झरा मात्र चालूच होता. नासलेलं पाणी तो हळूहळू गोट्यांवरून बाहेर ढकलत होता. शेवटी पाणी निवळलं आणि तळ दिसायला लागला. तेव्हा गोमा एकटा आत गेला आणि बिळापुढे पाय रोवून उभा राहिला. बऱ्याच वेळाने त्याच्या घोट्याला काहीतरी गार घासून गेलं.

वर आल्यावर त्याने सांगितलं, की यापुढे निजल्या पाण्यात रामेठा नाही. दर वैशाखात, माशाला हात लावण्याआधी, माझ्या घरातली बाई डोहात उतरेल. वाम तिच्या पायाला लागली तर जाळी टाकायची. नाही लागली तर नाही. ती बाई म्हणेल ते खरं, त्यावर पुरुषांनी बोलायचं नाही.

आजही तसंच चालतं. आमचं घर गोमाचं. इतकी वर्षं माझी चांगुणा आत्या उतरायची. मी लहान असताना एकदा ती वर आली आणि नुसती मान हलवली. त्या वर्षी वाडीत कुणी मासा शिजवला नाही. जाळी वळचणीलाच राहिली, कुणी तिला उलटून विचारलं नाही. आता तिचे गुडघे पाण्यात टिकत नाहीत, म्हणून यंदा तिने माझं नाव घेतलं. घाबरू नको, म्हणाली, वामीची शेपटी लागते, बाकी काही नाही.

पण गेल्या वर्षी ती वर आली तेव्हा तिचे पाय मी पुसले होते. घोट्याभोवती वळ होता, लाल. शेपटीचा वळ सलग उठायला हवा ना, दादा? हा तसा नव्हता. बाजूबाजूला बारीक बारीक, आणि मागच्या अंगाला एकच जाड, जसा कुणी हाताने पाय घट्ट ध—

“हर्षले! कुणाशी बोलतीस गं तिथं? चल, उतर पाण्यात. सगळी थांबलीत.”