ठिपकीचं बीळ आणि धावता ओढा

डोंगराखाली एक ओढा वाहायचा. ओढ्याच्या काठात एक बीळ होतं. बिळात राहायची ठिपकी खेकडी. बोराएवढी ठिपकी.

एकदा खूप पाऊस आला. ओढा फुगला. काठाची माती सुटली. धप्प. ठिपकीचं बीळ वाहून गेलं.

ठिपकी ओल्या काठावर एकटी बसली. आता निजायचं कुठं?

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तिरकी तिरकी.
"ओढेदादा, ओढेदादा, हळू वाहा. ठिपकीला बीळ मिळेना."
ओढा म्हणाला, "दगड आडवा बसेल, तर मी हळू वाहीन."

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तिरकी तिरकी. दगड पाण्यात लोळत होता. गडगड, गडगड.
"दगडोबा, दगडोबा, आडवा बस. ओढा ऐकेना, ठिपकीला बीळ मिळेना."
दगड म्हणाला, "वाळा मला धरेल, तर मी बसेन."

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तिरकी तिरकी. काठावर वाळा होता. वासाचं गवत. पण केवढासा, बोटभर.
"वाळेदादा, वाळेदादा, दगड धर. दगड बसेना, ओढा ऐकेना, ठिपकीला बीळ मिळेना."
वाळा म्हणाला, "शेळी मला सोडेल, तर मी वाढेन. मुळं खोल धाडेन. मग धरेन."

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तिरकी तिरकी. शेळी शेंडे खात होती. कुरुम, कुरुम.
"शेळीताई, शेळीताई, वाळा सोड. वाळा वाढेना, दगड बसेना, ओढा ऐकेना, ठिपकीला बीळ मिळेना."
शेळी म्हणाली, "हौसाक्का मला माळावर नेईल, तर मी सोडेन."

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तिरकी तिरकी. शेळीची मालकीण हौसाक्का करंजाच्या सावलीत पेंगत होती.
"हौसाक्का, हौसाक्का, शेळीला ने. शेळी सोडेना, वाळा वाढेना, दगड बसेना, ओढा ऐकेना, ठिपकीला बीळ मिळेना."

हौसाक्का म्हणाली, "गवताचं आणि ओढ्याचं काय गं नातं? आधी मला बघू दे."

ती पाण्याशी बसली. उघड्या काठाशी तिनं एक पान सोडलं. पान सर्रकन पळालं. तिथली माती सुटली. डुबुक.

मग तिनं वाळ्यापाशी दुसरं पान सोडलं. पान डुललं. गोल फिरलं. रेंगाळलं. माती जागची हलली नाही.

हौसाक्का बघत राहिली. पाण्यात ढग तरंगत होते. ठिपकी तिच्या पायाशी बसली.

"आलं ध्यानात," हौसाक्का म्हणाली. "चल शेळीबाई, माळावर."

हौसाक्कानं शेळी नेली.
शेळीनं वाळा सोडला.
वाळा वाढला. सळसळ, सळसळ.
वाळ्यानं दगड धरला.
दगड आडवा बसला.
ओढा हळू झाला. झुळुझुळु, झुळुझुळु.

ठिपकीनं काठात नवं बीळ कोरलं.

पुन्हा खूप पाऊस आला. ओढा फुगला. हौसाक्का लांबून बघत उभी राहिली. वाळा वाकला, पण सुटला नाही. दगड हलला नाही. माती पडली नाही.

आत ठिपकीनं पाय पोटाशी घेतले. बाहेर पाणी गात होतं. तिचे डोळे मिटले.

ओढा गेला पुढं पुढं,
गोष्ट निजली काठाकडं.