अंगी लागलेलं पेट्रोल

कऱ्हाडच्या वैजूची जुनी गाडी मॉलशेजारच्या पंपावरचं स्वस्त पेट्रोल प्यायची आणि तशीच चालायची. मुलगी बघायला निघायच्या दिवशी बंडामामा अडून बसले. बोलणी तेच करणार, त्यांच्याशिवाय लग्न जमणं अवघड.

"स्वस्तातलं गाडीच्या अंगी लागत नाही. महागाचं टाक, मगच बसतो."

"टाकलंय, मामा," वैजूने न हसता थाप मारली.

घाट उतरताना मामांनी डोळे मिटले. "ऐक! इंजिनाचा आवाज तरी येतोय का? ह्याला म्हणतात अंगी लागणं!"

"आवाज कसा येईल, मामा? इंजिन बंद आहे. अंगी लागलाय तो उतार."

मामा डोळे उघडून खिडकीबाहेरचा उतार बघू लागले. वैजू स्वतःवर असा खूश झाला, की इंजिन आपण बंद केलं नव्हतं, ते आपोआप बंद पडलं होतं, हेच विसरला. खाली सपाटीवर किल्ली फिरवल्यावर आठवलं. मामांसमोर स्वस्ताच्या पंपावर जाता येईना, महागाच्या पंपावर जायला जीव होईना, म्हणून टाकीत कुठलंच पेट्रोल पडलं नव्हतं.

मुलीच्या दारात गाडी ढकलतच आणावी लागली. बघायची ती मुलगी, रेवती, फाटकातच उभी होती.

"गाडी पेट्रोलवर चालते की डिझेलवर?"

वैजूने टाकीकडे पाहिलं. गाडीमागून धापा टाकत मामांचं उत्तर आलं, "मामावर."

"मग पसंत आहे," रेवती म्हणाली.

गाडी, मामा की आपण, हे विचारायची हिंमत वैजूला लग्नानंतरही झालेली नाही.