रिकामा खांब

एकदा एका नदीकाठच्या गावात एक वृद्ध वस्ताद तालीम चालवीत असत. तालमीत तांबड्या मातीचा आखाडा होता, अंगणात सागाचा मल्लखांब होता, आणि बदलत्या काळाला मान देऊन एका कोपऱ्यात लोखंडी वजनेही आली होती. आरसा मात्र नव्हता. कुणी मागितलाच, तर वस्ताद म्हणत, "आरसा न्हाव्याच्या दुकानात असतोय. तिथं जा, दाढीबी हुईल."

त्यांचा एक आवडता शिष्य होता. नवव्या वर्षी तो या मल्लखांबावर चढला आणि विशीत शरीरसौष्ठवाच्या नादी लागला. नाद चांगला होता आणि माणूसही कष्टाळू होता. पहाटे उठणे, मोजून खाणे, वजने उचलणे, यांत त्याने कधी खंड पडू दिला नाही. पण सलग दोन वर्षे जिल्ह्याच्या स्पर्धेत तो चौथा आला. चौथा क्रमांक ही मोठी विचित्र जागा असते. दहाव्याला रात्री शांत झोप लागते. चौथ्याला मात्र वाटत राहते, की पायरी अगदी पायाशी होती.

अशा मनःस्थितीत भेटू नये तो माणूस हमखास भेटतो. शहरात पौष्टिक पावडरींचे डबे विकणारा एक व्यापारी होता. त्याने शिष्याला दुकानाच्या मागच्या खोलीत नेले आणि फ्रिजमधून छोट्या बाटल्या काढल्या. वाढीच्या हार्मोनच्या इंजेक्शनांच्या होत्या त्या.

"ह्यानं अंग भरतं, चरबी झडते," व्यापारी म्हणाला. "फक्त रक्तातल्या साखरेवर लक्ष ठेवायचं, ती चढू शकते. हे मशीन घे. रोज सकाळी बोट टोचायचं. शंभराच्या आत असली, की बिनधास्त."

"डॉक्टरला विचारू का?"

"डॉक्टरचा दंड किती इंचाचा आहे, ते बघून ये आधी!"

साखरेचे नाव ऐकून शिष्य दचकला होता. त्याच्या वडिलांना साखरेचा आजार होता, आणि चार वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या पायाची दोन बोटे काढावी लागली होती. चप्पल घालताना ते भिंत धरून कसे उभे राहतात, हे तो रोज पाहत असे. म्हणून त्याने मनाशी पक्के ठरवले, की सुई घ्यायची, पण मोजल्यावाचून एकही दिवस जाऊ द्यायचा नाही. आणि ठरवले तसेच त्याने अगदी प्रामाणिकपणे केले. बेफिकीर माणसाची चूक लगेच सापडते, काळजी घेणाऱ्याची सापडायला वेळ लागतो.

शरीरसौष्ठव करणाऱ्यांची एक रीत आहे. वजन करायचे ते पहाटे, पोट रिकामे असताना. पोटाचे स्नायू न्याहाळायचे तेही तेव्हाच, कारण तेव्हा कातडी ताणलेली असते आणि रेघ न् रेघ उठून दिसते. फोटो काढायचा तो चार जोर मारून, शिरा फुगवून, वरून उजेड पडेल अशा जागी उभे राहून. यात लबाडी नसते. आपले उत्तम रूप शोधायचे, ही त्या कलेची शिस्तच आहे. शिष्याने साखरही त्याच शिस्तीने मोजली. पहाटे तासभर पळून यायचे, घाम पुसायचा, आणि अन्नाचा कण पोटात जाण्यापूर्वी बोट टोचायचे. अठ्ठ्याऐंशी. एक्क्याण्णव. शहाऐंशी. आकडा वहीत उतरवला, की त्याचा दिवस छान सुरू होई.

तीन महिन्यांत दंड असे भरले, की सदऱ्याच्या बाह्या उसवाव्या लागल्या. त्याच तीन महिन्यांत त्याला अवेळी तहान लागू लागली. जेवणानंतर डोळ्यांवर झापड येई. एस.टी.ची पाटी लांबून वाचता येईना. कोपरावर खरचटले होते, ती जखम महिना झाला तरी ओलीच होती. हे सारे त्याला कळत नव्हते असे नाही. पण वही म्हणत होती, सारे ठीक आहे, आणि वहीचे ऐकणे त्याला फार सोपे जात होते.

एके दिवशी तालमीत त्याने उभ्या उभ्या दोन तांबे पाणी रिचवले, तेव्हा वस्तादांनी आधी तांब्याकडे पाहिले आणि मग त्याच्या कोपराकडे.

"काळजी करू नका, वस्ताद. मी रोज साखर बघतोय," असे म्हणून त्याने वही पुढे केली, आणि बाटल्यांची गोष्टही सांगून टाकली. वस्तादांशी खोटे बोलणे त्याला लहानपणापासून कधी जमले नव्हते.

वस्तादांनी चष्मा लावला आणि सावकाश पाने उलटली. एका पानावर त्यांचे बोट थांबले.

"ही गिरगट कशाची रं?"

"त्या दिवशी एकशे सात आली होती. मग आणखी अर्धा तास पळून आलो आन् परत टोचलं. अठ्ठ्याण्णव आली. आधीची खोडून ती लिहिली."

"आन् तुझं ते फोटू कवा काढतोस?"

"फोटो? तवाच की. पळून आल्यावर."

"हं," वस्ताद म्हणाले आणि त्यांनी वही मिटून परत दिली.

शिष्य बोलणी खायच्या तयारीने मान खाली घालून उभा होता. पण वस्ताद म्हणाले ते भलतेच. "जत्रा आठ दिवसांवर आली. पोरांचं खेळ हायत. मल्लखांब तपासून मला सांग, पोरांचं वजन धरंल का न्हाई."

हे आत्ता कशाला, असे त्याला वाटले. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तो खांबाशी गेला. वर्षानुवर्षे एरंडेल पिऊन लाकूड आरशासारखे चकाकत होते. त्याने आपल्या नव्या दंडांचा सारा जोर लावून खांब हलवून पाहिला. तो तसूभर हलला नाही.

"ठणठणीत हाय, वस्ताद."

"उद्या परत बघ."

दुसऱ्या दिवशी तेच झाले. तिसऱ्या दिवशी शिष्याचा धीर सुटला. "वस्ताद, रोज बघतोय. दगडागत उभा हाय. अजून काय बघायचं?"

"कवा बघतोस?"

"सकाळी, आल्या आल्या."

"तवा खांबावर कोण असतंय?"

"कोणच न्हाई."

वस्ताद मिशीतल्या मिशीत हसले. "मग आज दुपारी ये. पोटभर डबा घिऊन ये. आन् ते तुझं मशीनबी आण."

आता मात्र त्याच्या कुतूहलाने उचल खाल्ली. खांब, डबा आणि मशीन यांचा एकमेकांशी संबंध काय? दुपारी तो आला, तेव्हा आखाड्यातल्या मातीने भरलेली चार पोती अंगणात तयार होती. वस्तादांनी ती त्याच्याकडून मल्लखांबाच्या मानेला दोरांनी बांधून घेतली, सारी एकाच बाजूला. मग खांबाशेजारी घोंगडी अंथरली.

"बस आन् जेव. रोज जेवतोस तेवढंच जेव, कमी न्हाई."

त्याने भाकऱ्या खाल्ल्या, वाडगाभर भात खाल्ला, कोंबडीचे तुकडे खाल्ले, वर तीन केळी खाल्ली.

"झालं? आता दोन तास गप बसायचं. जोर न्हाई, बैठका न्हाईत, फेऱ्या मारायच्या न्हाईत."

वजने उचलणाऱ्या माणसाला याहून अवघड व्यायाम नाही. तो चुळबुळत बसला. वस्तादांनी मात्र डोळे मिटून खांबाला कान लावला, आणि ते तसेच राहिले. म्हातारा ऐकतोय तरी काय? अर्ध्या तासाने शिष्यानेही पलीकडून कान लावून पाहिला. लाकूड गप्प होते. तासाभराने पुन्हा लावला, तरी गप्पच. त्याला हसू येऊ लागले. आणि मग, ऊन ओसरीच्या पायरीवर आले तेव्हा, कुठून तरी खोलातून आवाज आला.

कर्र.

थोड्या वेळाने पुन्हा आला. वस्ताद उठले. पोती उतरवून घेतली, कुदळीने खांबाच्या बुंध्याची माती काढली आणि हातभर खाली चाकूचे टोक टेकवले. चाकू मुठीपर्यंत आत गेला. तिथले लाकूड काळे पडले होते आणि भिजलेल्या भाकरीसारखे बोटांनी निघत होते.

शिष्याने तो काळा भुगा बोटांत चुरून पाहिला. जत्रेत ह्या खांबावर दहा-बारा पोरे चढणार होती, आणि तीन सकाळी त्यानेच सांगितले होते, खांब ठणठणीत आहे.

"तू खोटं बोलला न्हाईस," वस्ताद म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "तू बघितलंस तवा खांब खरंच ताठ हुता. पर रिकामा खांब कुणाचाबी ताठ ऱ्हातोय, लेका. खांबाला इचारायचं असंल, तर त्याच्यावर वजन टाकावं लागतंय, आन् वजन टाकून दम धरावा लागतोय. फोटू काढायचा, तर चांगली घटका बघून काढावा. दुखणं हुडकायचं, तर वाईट घटकेला जाऊन हुडकावं. त्या मशीनचा तू आरसा केलास."

शिष्याने डब्याशेजारचे मशीन पुढे ओढले. त्याने घड्याळ पाहिले. जेवून बरोबर दोन तास झाले होते. तो नळाशी गेला, साबणाने हात धुतले, कोरडे केले, आणि बोट टोचले.

दोनशे एकाहत्तर.

आकडा पाहिल्याबरोबर त्याचे पाय उठले. खरोखरच उठले, तो नदीच्या वाटेकडे दोन पावले चाललाही. अर्धा तास पळून येऊ, मग पुन्हा टोचू. तिसऱ्या पावलाला त्याला कळले आपण काय करतो आहोत ते, आणि भिंत धरून चप्पल घालणारे वडील डोळ्यांपुढे उभे राहिले. तो परत आला आणि घोंगडीवर बसला. त्याला भीती वाटली, लाज वाटली, रडू आले, आणि ते त्याने लपवले नाही.

"वस्ताद," तो म्हणाला, "माझा खांब करकरला."

वस्ताद त्याच्या शेजारी बसले. "मी लाकडातला माणूस. रगतातलं मला कळत न्हाई. एका थेंबावर निकाल लागत नसतोय. उद्या डॉक्टरकडं जा. बाटल्या संगं ने, सुया ने, आन् ही वहीबी ने. गिरगटलेलं पान फाडू नगंस."

"स्पर्धा वीस दिवसांवर आली, वस्ताद."

"जत्रा तर पाच दिवसांवर हाय," वस्ताद म्हणाले, आणि करवत आणायला आत गेले.

डॉक्टरांनी मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी केली. तीही चढलेलीच निघाली. बाटल्या बंद झाल्या, औषध सुरू झाले, बाकीच्या तपासण्या झाल्या. साखर कितपत खाली येईल, हे आत्ताच सांगता येणार नाही, असे डॉक्टर म्हणाले. त्या वर्षी शिष्य रंगमंचावर उभा राहिला नाही. दंड उतरू लागले तेव्हा त्याला फार वाईट वाटले. वाटणारच, कष्ट त्याचे स्वतःचे होते. वस्तादांनी खांबाचा सडका भाग कापून उरलेला पुन्हा पुरला. जत्रेत लोक विचारत, "वस्ताद, खांब बुटका झाला व्हय?" वस्ताद म्हणत, "झाला. पर पोरं हुती तेवढी समदी धड हायत."

जत्रेच्याच आठवड्यात एका दुपारी शिष्य घरी आपली नवी वही लिहीत बसला होता. तिच्यात आता आकड्यापुढे वेळ होती, आणि वेळेपुढे काय खाल्ले तेही होते. वडील पलीकडे खाटेवर बसले होते. लिहिता लिहिता त्याच्या मनात काही तरी आले आणि त्याने मान वर केली.

"अण्णा, तुम्ही साखर कवा मोजता?"

"सकाळी की," वडील म्हणाले. "उठल्या उठल्या. तवा चांगली येती."

शिष्याने त्यांच्या पायाकडे पाहिले आणि वही मिटली. आईने ताटे वाढली. बापलेक पोटभर जेवले. मग तो मशीन घेऊन वडिलांच्या शेजारी खाटेवर बसला, आणि दोन तास तिथून हलला नाही.