एका फळीवरची भांडी

तांबटांच्या आळीत एकदा एक व्यापारी आपल्या जुन्या गुरूकडे, नानांकडे आला. तरुणपणी तो या म्हाताऱ्याच्या हाताखाली भांडी ठोकायला शिकला होता. पुढे हातोडा टाकून भांड्यांचं दुकान थाटलं आणि शहाणा झाला, असं त्याचं त्यालाच वाटे.

या खेपेस तोंड उतरलं होतं. दुकानाचा मागचा गाळा विकून आलेल्या रकमेचे त्याने चार भाग केले होते. तीन भाग सोन्याच्या, चांदीच्या आणि तांब्याच्या फंडांत घातले. एक पडला तर दोन सावरतील, हा विचार. पण तांबं घसरलं आणि त्याच आठवड्यात तिन्ही फंड बसले. उरलेला चौथा भाग आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचा. तोही जस्ताच्या फंडात घालायचा फॉर्म आता खिशात होता.

"नाना, जस्ताचा यांच्याशी काय संबंध? ते वेगळं."

नानांनी दोन विटांवर एक फळी टाकली. तिच्यावर तांब्याचा हंडा, पितळेचा गडवा आणि चांदीचं फुलपात्र ठेवून त्याला तिन्ही पाण्याने काठोकाठ भरायला लावली.

"पितळेलाच सोनं समज. सोन्याचं भांडं माझ्या बापानंही पाहिलं नाही."

मग हातोडा उचलून हंड्यावर एक ठोका हाणला. गडव्यातलं पाणी थरारलं. फुलपात्र तर निम्मं सांडलं.

"नाना, चांदीला तर तुम्ही हातही लावला नाही!"

"गाढवा, धातू मोजलेस, फळी मोजलीस का? या सगळ्या फंडांत पैसा घालणारी माणसं तीच. तांब्यात हात पोळला की भरपाईला सोनं विकायला काढतात. सोनं हललं की चांदीवाले पळत सुटतात. सोन्याचा काय गुन्हा? भीती फळीवरून चालते, बाबा."

नानांनी कोपऱ्यातली जस्ताची बादली पायाने पुढे ढकलली. "ही भर. कुठं ठेवायची, तुझं तू बघ."

व्यापाऱ्याने बादली भरली. सवयीने फळीकडे वळला. तिथे जागाही होती. क्षणभर थबकला आणि बादली दाराशी जमिनीवर ठेवली.

नानांनी पुन्हा ठोका हाणला. फळीवर सांडासांड झाली. बादलीत मात्र छपराची कौलं स्वच्छ दिसत राहिली.

"ऑपरेशन कधी आहे?"

"पुढच्या महिन्यात."

"मग म्हातारीला फळीवर चढवू नकोस."

व्यापाऱ्याने खिशातला फॉर्म काढला आणि त्याच कागदाने सांडलेलं पाणी पुसून घेतलं.