चावी कुणाच्या खिशात

मला गोष्टी सांगायची हौस नाही. कोरे मास्तर चारदा दारात येऊन उभे राहिले. "आबा, शाळेच्या अंकाला बोधकथा पाहिजे, आणि ती रॉकेटचीच पाहिजे." स्वतः एवढे शिकलेत आणि मागतात कुणाकडं, तर चौथीतून पळालेल्या माणसाकडं. राजा नि कोल्हा मला जमत नाही. घडलं ते लिहितो. शुद्धलेखन मास्तरांनी बघावं, त्याचाच पगार घेतात.

तर एका गावात एक मोटारी भरणारी बाई होती. जैबून मुलाणी. विहिरीवरची जळकी मोटार तिच्यापुढं आणून टाकायची. ती जुनी तार उपसायची, नवी भरायची, आणि दुसऱ्या दिवशी पाटात पाणी.

त्या वर्षी मास्तरांच्या वर्गानं पुठ्ठ्याच्या नळीचं रॉकेट केलं, कमरेएवढं उंच. पोटात दारूची कांडी, कांडीत केसासारखी बारीक तार. तारेत वीज सोडली की तार लाल होते, दारू पेटते आणि रॉकेट आभाळात! ती वीज लांबून सोडायचा डबा करायचं काम जैबूनकडं आलं.

"त्यात काय? ट्रॅक्टरची बॅटरी नि घंटीचं बटण," मी म्हणालो.

"आबा, तुमच्या बटणाला डोकं नाही. मी डोकं बसवणार."

डोकं म्हणजे नखाएवढी काळी चिप. मायक्रोकंट्रोलर म्हणतात तिला. लिहून द्याल तेवढंच करते, वर तोंड करत नाही. जैबूननं तिला लिहून दिलं: आधी चिमूटभर वीज सोडून बघ, तार शाबूत असेल तर हिरवा दिवा लाव. बटण दाबलं की दहापासून उलटं मोज. मध्येच बोट उचललं तर थांब. पहिल्यांदा हिरवा दिवा लागला तेव्हा मी असा ओरडलो की शेजारची म्हैस दावं तोडून पळाली.

मग एक दिवस तिनं नुसती बॅटरी जोडली. बटणाला कुणाचा हातसुद्धा नव्हता. तरी डब्यात टक् झालं, आणि टेबलावरची तार लाल होऊन तुटली.

"जागी होता होता लाथ मारली या चिपनं," जैबून म्हणाली. मी हसलो, ती हसली नाही.

चिपची ती खोड तिनं दोन दिवसांत काढली. पण तिचा भरवसा उडाला तो उडालाच. तिनं डब्याला स्कूटरसारखं कुलूप बसवलं. चिप काहीही म्हणू दे, चावी फिरल्याशिवाय तारेत वीजच जाणार नाही. चावी एकच. रॉकेटजवळ जाईल त्यानं ती खिशात घालून न्यायची.

सरपंच सर्जेराव पाटोळे डबा बघायला आले. बटण तेच दाबणार होते.

"हे कुलूप काढ. पाहुण्यांदेखत मी चाव्या फिरवत बसू? चिप हुशार आहे ना तुझी?"

"चिप हुशार आहे, सरपंच. माणसं उतावळी आहेत."

"तिकडं जाणार कोण पण? आपण सगळे स्टेजवर."

"या गावात नारळ फोडल्याशिवाय बोअर चालू होत नाही. कुणीतरी जाणारच."

सरपंच गोड हसले. "पाणी योजनेच्या सात मोटारी भरायच्यात. तुझ्याकडंच द्याव्या म्हणतो. तेवढं कुलूप काढ."

सात मोटारी म्हणजे जैबूनचं निम्मं वर्ष. तिनं हातातली पक्कड खाली ठेवली. मग म्हणाली, "मोटारी दुसरीकडं द्या."

उडवायच्या दिवशी सगळा गाव माळावर. भोंगा, मांडव, तालुक्याचे पाहुणे. सगळं तयार झालं आणि कुणीतरी ओरडलंच, "अरे, नारळ राहिला!"

गावातलं जुनं खोड म्हणून मला पिटाळलं. जैबूननं डब्याची चावी काढली आणि माझ्या बंडीच्या खिशात घातली. "परत येईपर्यंत कुणाला द्यायची नाही, आबा. मी मागितली तरी नाही." सरपंचांचं लक्ष नव्हतं, ते पाहुण्यांना हार घालत होते.

पन्नास पावलं गेलो. टोपी घट्ट दाबून चाललो होतो, जसं काही मलाच उडायचंय! रॉकेटच्या बुडाशी वाकलो, नारळ दगडावर आपटला. फुटेना. पुन्हा आपटला. तेवढ्यात मागं भोंग्यावर मोजणी सुरू झाली. दहा! नऊ! सारा माळ मोजायला लागला. मला वाटलं, सराव चाललाय. माझं तोंड रॉकेटपासून वीतभर लांब. जैबून ओरडत होती म्हणे, पण भोंग्यापुढं तिचं ऐकतो कोण?

शून्य!

काही झालं नाही.

"बाईचा डबा फुसका निघाला!" भोंग्यावर सर्जेरावांचा आवाज. माळभर हशा. मी मागं वळून बघितलं. त्यांचा अंगठा अजून बटणावर होता.

मी नारळ टाकून दिला आणि चालत आलो. मी कुठून येतोय ते लोकांना दिसलं, तसा एकेकाचा हशा बंद पडला. चावी काढून जैबूनच्या हातावर ठेवली. तिनं ती फिरवली. हिरवा दिवा!

"दाबा, आबा," ती म्हणाली.

दाबलं. शून्यापर्यंत अंगठा उचलला नाही. शून्याला असा फुत्कार आला, आणि गेलं की वर! धुराची रेघ ओढत, घारीच्याही वर! टोपी कुठं पडली कळलं नाही. मग वर रॉकेटची पिवळी छत्री उघडली, आणि माझ्यासकट सगळा माळ तिच्या मागं पळाला. सत्तर वर्षांत एवढा मी पळालो नव्हतो.

सात मोटारी तालुक्याला गेल्या.

तात्पर्य: आगीपाशी जो वाकतो, चावी त्याच्याच खिशात पाहिजे, आणि ती तिथंच राहावी म्हणून स्वतःचं नुकसान सोसेल तोच खरा कारागीर. सरपंच म्हणतात, "मी नुसतं बटण तपासत होतो." तपासा खुशाल. पण जैबूनची आणि माझी माफी मागायची राहिलीय, आणि ती राहिलीय सर्जेराव पाटोळ्यांकडून.