आघाड्याचा कोपरा

घराघरापुढे अंगण आणि मागे परसू असायचं, त्या काळातली ही गोष्ट. एका गावात एक तरुण आई राहायला आली. नवऱ्याला त्या गावात काम मिळालं, म्हणून त्यांनी बिऱ्हाड हलवलं होतं. घरात माणसं तीनच: तो, ती आणि त्यांची रांगणारी लेक.

ही आई शिकलेली होती, कामसू होती आणि काळजी फार करायची. लेक शिंकली की काळजी, आणि दिवसभर शिंकली नाही तर आज का शिंकली नाही म्हणून काळजी. आपल्याला आईपण जमतंय का, हा प्रश्न ती दिवसातून दहा वेळा स्वतःला विचारायची आणि दहाही वेळा उत्तर वेगळं यायचं. दुसऱ्या कुणाला मात्र ती काही विचारत नसे. विचारलं तर लोकांना कळेल ना, की हिला माहीत नाही.

घरामागचं परसू पावसाने गुडघाभर माजलं होतं. लेक रांगत रांगत मागच्या दाराशी जायची आणि हाताला येईल ते पान तोंडात घालायची. आईला प्रत्येक पानाखाली एक विंचू दिसायचा, आणि प्रत्येक विंचवामागे एक साप.

सासरी निघताना वडिलांनी तिला एक पुस्तक दिलं होतं, घर आणि बाग कशी राखावी याचं. त्यात एक ओळ होती : ‘जे आपण लावले नाही, ते तण समजावे.’ आईला स्वतःबद्दल शंका यायची, शेजाऱ्यांबद्दल यायची, गवळ्याच्या दुधाबद्दल तर रोज यायची. छापलेल्या ओळीबद्दल मात्र कधी आली नाही. तिने पदर खोचला आणि उपटायला सुरुवात केली.

कुंपणापलीकडून गावातली शेळीवाली चालली होती. ती थांबली.

“काय चाललंय गं?”

“साफ करतेय, मावशी. पोरगी रांगते ना.”

“मग दारापुढचं काढ. मागचा कोपरा राहू दे की.”

“तो कशाला ठेवायचा?”

“कशाला म्हणजे? तिथं काय काय आहे ते ओळखतेस ना?”

आईला त्यातलं एकही रोप ओळखू येत नव्हतं. ‘नाही हो, मावशी,’ एवढंच म्हणायचं होतं. पण तोंडातून आलं, “ओळखते की. न ओळखायला काय झालं?”

“मग तुझी मर्जी,” शेळीवाली म्हणाली. “उपटलेलं शेळ्यांना नेऊ का?”

“न्या, न्या. टाकायचं कुठे, हीच पंचाईत होती.”

शेळीवालीने ढीग डोक्यावर घेतला आणि गेली. संध्याकाळपर्यंत परसू कसं लख्ख झालं. त्या दिवशी किती तरी दिवसांनी आई निवांत जेवली.

आषाढ सरला, श्रावण लागला. पहिला शुक्रवार आला. श्रावणातल्या शुक्रवारी घरोघरी जिवतीची पूजा असते. जिवती म्हणजे मुलाबाळांना सांभाळणारी देवी. आईने भिंतीवर गंधाने जिवती काढली, पुरण शिजवलं, लेकीला नवं झबलं घातलं. लेकीची ही पहिलीच जिवती. आता फक्त माळ हवी होती, आघाडा आणि दूर्वांची. तिच्या माहेरी ही माळ गुंफलेली यायची. माळीण दारात आणून द्यायची. आईने ती दरवर्षी पाहिली होती, पण आघाडा जमिनीत उभा असलेला कधी पाहिला नव्हता. इथेही माळीण येईल, असं धरून ती दाराशी वाट पाहत बसली.

माळीण आली नाही. आली कासारीण, आणि तिच्या हातातली परडी रिकामी होती.

“आघाडा न्यायला आलेय,” ती म्हणाली.

“माझ्याकडे?”

“मग कुणाकडे? साऱ्या गावात नांगर फिरतो नाहीतर गुरं फिरतात. आघाडा उरतो तो तुमच्या मागच्या कोपऱ्यात. आम्ही दरवर्षी इथूनच नेतो.”

तिच्या मागे सुतारीण होती, तिच्या मागे शिंपीण. बघता बघता सात जणी सात परड्या घेऊन परसात उभ्या राहिल्या. परसू तळहातासारखं मोकळं होतं. दूर्वा तेवढ्या परत उगवल्या होत्या, कारण दूर्वा कुणाचं ऐकत नाहीत.

“अगं बाई, आघाडा कुठं गेला?” सुतारीण म्हणाली.

आईला आत्ता कळलं. म्हणजे तो आघाडा होता. आता तिच्या लेकीची जिवती माळेवाचून राहणार, आणि या सात जणींच्या मुलांचीही, आणि ते सगळं तिने स्वतःच्या हाताने केलं होतं.

“शेळ्या शिरल्या असणार,” कासारीण म्हणाली. “त्या शेळीवालीचा काही नेम नाही. कुठंही चारते.”

“परवा माझी गवार खाल्ली,” शिंपीण म्हणाली. “आज तिला चांगलं सुनावलंच पाहिजे.”

आईला काही बोलायची गरजच नव्हती. नुसतं गप्प राहिलं की झालं. आणि गप्प राहणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, हेही तिने मनात पटकन सिद्ध केलं. शिकलेली होती ना.

कडेवरची लेक तिची पोत ओढत होती आणि तिच्या तोंडाकडे टकाटका बघत होती. थोड्या वेळाने हिला कुंकू लावायचं, ओवाळायचं, हिला चांगलं ठेव म्हणून देवीपुढे हात जोडायचे. आईला एकदम वाटलं, कुठल्या तोंडाने?

“शेळ्या नाहीत,” ती म्हणाली. “मी उपटला. तण समजून. मला आघाडा ओळखताच येत नाही. मावशींनी विचारलं होतं, ओळखतेस ना, तर मी हो म्हणाले.”

सुतारिणीने परडी खाली ठेवली.

“सगळा?” कासारिणीने विचारलं.

“सगळा. पुस्तकात तसं लिहिलं होतं.”

शिंपिणीने तोंडाला पदर लावला. सगळ्यांना वाटलं, ही रडतेय. पण ती हसत होती.

“मी सासरी आले तेव्हा पोकळ्याची भाजी म्हणून भलतंच काही तरी शिजवलं होतं,” ती म्हणाली. “मामंजी तीन दिवस नुसत्या ताकावर होते.”

तेवढ्यात कुंपणामागून आवाज आला, “फाटक उघडा गं कुणी तरी. हात अडकलेत माझे.”

शेळीवाली होती. कवेत हिरवागार भारा. तिने तो मधोमध ठेवला आणि कंबर सरळ केली.

“मावशी, हे काय?” आईने विचारलं.

“हाच तो. ओळखते की, म्हणाली होतीस ना?”

आता सातही जणी हसल्या. आईही हसली, आणि मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

“त्या दिवशी ढीग शेळ्यांपुढे टाकला,” शेळीवाली सांगू लागली, “तर आत मुळासकट आघाडा. अगं, शेळीसुद्धा आधी हुंगते, मग तोंड लावते. पावसाचे दिवस होते, गोठ्यामागे खोचून दिला. धरला त्यानं जीव.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“ओळखणाऱ्याला काय सांगायचं? म्हटलं, हिला नको असेल.”

कासारीण खाली बघत म्हणाली, “मावशी, आम्ही आत्ता शेळ्यांबद्दल जे बोललो…”

“ऐकलं. कुंपणाशीच होते. गवार खाल्ली ते खरं आहे, त्याचं मी बघते. पण आघाड्याचा आळ हिनंही शेळ्यांवर घातला असता, तर हा भारा घेऊन तशीच परत फिरले असते. मग काय घालायच्या होत्या देवीला, रिकाम्या परड्या?”

आई लेकीला मांडीवर घेऊन भाऱ्याशी बसली. मग सगळ्या जणी तिथेच बसून माळा गुंफू लागल्या. शेळीवालीनेही एक गुंफली. तिचा मुलगा परगावी होता. त्याला ओवाळता येणार नव्हतं, म्हणून त्याच्या दिशेने तिला अक्षता टाकायच्या होत्या.

“मावशी,” आई म्हणाली, “आघाडा ओळखायचा कसा?”

“दांडा बघ, चौकोनी असतो, लालसर. पानं समोरासमोर. पुढं तुरा येतो, त्याचं बी पदराला असं चिकटतं, की झटकलं तरी जात नाही.”

“आणि भाऱ्यातलं हे दुसरं कसलं? आणि ते कुंपणापलीकडचं?”

अकरा रोपांची नावं विचारून झाल्यावर शेळीवाली उठली. “आता पुरे कर बाई. शेळ्या उपाशी आहेत माझ्या.”

दुसऱ्या दिवशी शेळीवालीने दिलेली चार रोपं आईने मागच्या कोपऱ्यात लावली आणि लेकीचा हात पोहोचू नये म्हणून भोवती कामट्यांचं छोटं कुंपण केलं. तिची काळजी काही संपली नाही. पुस्तकही तिने टाकून दिलं नाही. फक्त त्या ओळीशेजारी शाईने बारीक अक्षरात लिहिलं, ‘आधी मावशींना विचारावे.’

तात्पर्य : जे ओळखत नाही ते उपटू नये, आणि ओळखत नाही हे सांगायला लाजू नये.